देवधर बाई आणि त्यांच्या उपाशी पेशी

मागच्या आठवड्यात आमच्या लॅबची नायट्रोजनची टाकी जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत नेली. टाकी म्हणजे गवळ्याच्या कॅनसारखं एक भांडं. आत भयंकर थंड द्रव नायट्रोजन आणि त्यात करंगळीएवढ्या कुप्यांमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशी. नवीनच लागलेली एक मुलगी जाड हातमोजे घालून कुप्या तपासत होती. एक कुपी वर धरून ती म्हणाली, "मैम, इसपे लिखा है 'उपाशी. हात लावू नका.' ये उपाशी क्या होता है?"

"भूखी," मी म्हटलं.

"कौन भूखी?"

"पेशी. और कौन!" मी जरा खेकसूनच म्हटलं, कारण अक्षर ओळखलं होतं आणि डोळे भरून यायला लागले होते. एवढ्याशा पोरीसमोर रडायचं म्हणजे काय!

ते अक्षर डॉ. कुमुद देवधरांचं. बाई गेल्याची बातमी आली तेव्हा इथं शोकसभा झाली. 'समर्पित वैज्ञानिक' आणि 'सादगी की मूर्ति' असलं काय काय लोक बोलले. मी गप्प बसून ऐकलं. समर्पित कसल्या, हट्टी होत्या. एक नंबरच्या हट्टी. आणि त्यांचं नशीब तरी बघा. सगळा देश मरायला काशीला येतो आणि आमच्या बाई काशीत जन्मून पुण्याला जाऊन मेल्या.

मी मूळची कऱ्हाडची. पीएच.डी.साठी बनारसला आले आणि पहिल्याच दिवशी शाळेतल्या सवयीनं त्यांना "बाई" म्हणाले. लॅबमधली मुलं फिदीफिदी हसायला लागली. या शहरात बाई म्हटलं की लोकांना जुन्या गाणाऱ्या बायका आठवतात, हे मला बापडीला काय ठाऊक! मी कानकोंडी झाले. बाईंनी मुलांकडे नुसतं पाहिलं. "हसून झालं? आता कामाला लागा," असं त्यांना हिंदीत सुनावलं आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तू म्हण गं. आई गेल्यापासून मला मराठीत कुणी हाकच मारली नाहीये."

त्यांच्या मराठीत हिंदी इतकं मुरलेलं होतं की सुरुवातीला मला हसू यायचं. "जरा तसल्लीने धर," "फालतू बकबक नको," "यात काहीतरी गडबड आहे बघ." वडील दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. त्या घरात एके काळी रोज दहा-पंधरा माणसांचं पान उठायचं. मी गेले तेव्हा बाई तिथं एकट्या राहत होत्या आणि कुकरमध्ये एका वाटीचा भात लावत होत्या. एकदा मी जेवायला थांबले, तर दुसरं ताट शोधण्यातच त्यांचा बराच वेळ गेला. सापडलं ते धुळीनं भरलेलं होतं. ते घासताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

बाईंचं सगळं आयुष्य एका प्रश्नापायी गेलं. स्तनाच्या कर्करोगात पुष्कळ बायकांच्या गाठी इस्ट्रोजेन नावाच्या हार्मोनवर वाढतात. ते समजावायची बाईंची एक खास रीत होती. "पेशीच्या आत एक पाट मांडलेला असतो. त्याला आपण म्हणायचं रिसेप्टर. इस्ट्रोजेन आलं आणि पाटावर बसलं की घरात हुकूम सुटतो, वाढा! आपली गोळी काय करते? पाहुण्याच्या आधी जाऊन पाटावर बसते. जेवत नाही, उठतही नाही. पाहुणा येतो, जागा नाही म्हणून परत जातो." मग जरा थांबून म्हणायच्या, "पण काही पेशी अशा निघतात, की पाहुणा येईना म्हटल्यावर त्याच्यावाचून जगायला शिकतात. कशा शिकतात, तेवढं मला बघायचंय."

ते बघायचं तर पेशींना हार्मोनवाचून ठेवायला लागतं, महिनोन्‌महिने. त्या आमच्या उपाशी पेशी. बऱ्याच मरायच्या. उरायच्या त्या चिवट, आणि विलक्षण हळव्या. साध्या पेशीला ज्याचा पत्ताही लागणार नाही एवढ्याशा हार्मोनच्या अंशानं त्या वाढायला लागायच्या. म्हणून लॅबमध्ये सोवळं! हो, सोवळंच ते. काही जातीच्या प्लास्टिकमधून हार्मोनसारखं काहीबाही झिरपतं, म्हणून बाईंकडे सगळ्या बाटल्या काचेच्या. त्या त्या स्वतः धुवायच्या, दुसऱ्या कुणाची हात लावायची काय बिशाद! चहासुद्धा फक्त मातीच्या कुल्हडमधून. गेटवरचा चहावाला एकदा प्लास्टिकच्या पेल्यात चहा घेऊन आला, तर बाईंनी त्याला तिथल्या तिथं रिसेप्टरवर व्याख्यान दिलं. तो बिचारा पुढे कित्येक दिवस त्यांना लांबूनच हात जोडायचा.

पेशींशी त्या मराठीत बोलायच्या. सकाळी आल्या की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, "काय गं, बऱ्या आहात ना?" कुणी विचारलं तर म्हणायच्या, "या शहरात मराठी बोलायला मला एवढ्याच उरल्यात." सगळे हसायचे. मलाही हसू यायचं, पण हॉस्टेलवर गेल्यावर त्याच वाक्यानं जीव कासावीस व्हायचा.

दुसरं त्यांचं पालुपद, "कंट्रोल कुठाय?" प्रयोगात एक बशी अशी ठेवतात की जिच्यात काहीच घालायचं नाही. तिच्याशी ताडून बघितल्याशिवाय कुठलाच निकाल खरा मानायचा नाही. तो कंट्रोल. बाई हा नियम जगाला लावायच्या. कुणी म्हणालं, अमक्या बाबांच्या अंगाऱ्यानं ताप उतरला, तर "कंट्रोल कुठाय?" माझं लग्न ठरलं, मी लाजत लाजत सांगितलं की मुलगा खूप चांगला आहे. बाई म्हणाल्या, "असेल. पण कंट्रोल कुठाय?" आमचे हे अजून त्या वाक्यावरून मला टोमणे मारतात.

रामाशीषची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बलियाचा मुलगा, कष्टाळू. एक दिवस धावत आला. "मैम, ग्राफ बहुत सुंदर आया है!" खरंच सुंदर होता. उपाशी पेशी हार्मोनच्या थेंबाशिवाय भराभर वाढलेल्या. बाई कित्येक वर्षं जे म्हणत होत्या, नेमकं तेच. आम्हाला वाटलं, आता पेढे. बाई ग्राफकडे बघत राहिल्या. चेहरा आधी एकदम उजळला आणि मग हळूहळू उतरत गेला. त्यांनी विचारलं, "पानी का रंग क्या था?"

पाणी म्हणजे पेशींचं खाद्य. बाजारात मिळतं ते गुलाबी असतं, कारण त्यात एक रंग घातलेला असतो. तो रंगच किंचित इस्ट्रोजेनचं सोंग घेतो. म्हणून आमच्याकडे बिनरंगाचं खाद्य वापरायचं, असा दंडक. बिनरंगाचं संपलं होतं, रामाशीषनं गुलाबी वापरलं. एवढंच. म्हणजे पेशी उपाशी नव्हत्याच, चोरून खात होत्या.

सगळं काम फेकायला लागलं. बाई ओरडल्या नाहीत. रामाशीषच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जो जवाब हमें चाहिए वही आ जाए, तो पहले उसी पे शक करो, बेटा." आणि मग नळ सोडून बाटल्या धुवायला लागल्या. बाईंचं काही बिनसलं की बाटल्या धुतल्या जायच्या, हे आम्हाला कळून चुकलं होतं.

आता मालूविषयी. मालू म्हणजे बाईंची धाकटी बहीण, लग्न होऊन पुण्याला गेलेली. मी आले तेव्हा दोघींचं बोलणं बंद होतं. का, ते बाईंनी मला एकदाच सांगितलं, घाटाच्या पायऱ्या चढताना, दम खायला थांबल्या होत्या तेव्हा. त्यांची आई उन्हाळ्यात गेली. मालू पुण्याहून निघाली, पण उन्हाचे दिवस, किती थांबणार! मणिकर्णिकेवर सगळं उरकलं. मालू संध्याकाळी घरी पोचली, तर दाराला कुलूप. बाई लॅबमध्ये. त्या दिवशी पेशींना खाऊ घालायचा दिवस होता. मालू अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली.

"तिनं विचारलं, आजच्या दिवशीसुद्धा? मी म्हटलं, पेशी सोडून राहता येत नाही," बाई म्हणाल्या. "ती आल्या पावली परत गेली."

मला राहवलं नाही. "पण बाई, गेलात कशाला त्या दिवशी?"

त्या गंगेकडे बघत बसल्या. खाली एक नावाडी नाव बांधत होता. मग म्हणाल्या, "घरात कुणी नव्हतं गं. लॅबमध्ये निदान काहीतरी जिवंत होतं."

हे त्यांनी मालूला सांगितलं असतं तर! पण नाही. पेशी सोडून येता येत नाही, हे एकच उत्तर त्यांनी आयुष्यभर सगळ्यांना दिलं. भाच्याच्या मुंजीला पेशी. त्याच्या लग्नाला पेशी. मेहुणे वारले तेव्हाही पेशी. आणि आम्हा लॅबमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की पेशी गोठवता येतात. बाईंनीच शिकवलं होतं, पहिल्याच महिन्यात. त्याला त्या 'झोपवणं' म्हणायच्या. कुपीत भरायच्या, रात्रभर थंड करायच्या, टाकीत सोडायच्या. थोड्या मरतात, बाकीच्या वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि उठवल्या की उठतात. महिनाभर कुठं जायचं असलं तर जगातली कुठलीही लॅब हेच करते. पण हे बाईंना तोंडावर सांगणार कोण?

मग मालूला गाठ निघाली. स्तनात. तिचा मुलगा कौस्तुभ, त्यानं कळवलं. रिपोर्ट रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे नेमका बाईंचा प्रांत. बाई ऑपरेशनला गेल्या नाहीत. हो, पेशी! त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. पण ऑपरेशन झालं, गोळी सुरू झाली, आणि संध्याकाळी आठ वाजता बाईंनी फोन उचलून पुण्याचा नंबर लावला. बाईंना एका कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. सगळ्या लॅबला ऐकू गेलं.

"गोळी घेतलीस?"

पलीकडून एक बारीक आवाज. "घेतली."

"बरं." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ही गोळी पाच वर्षं घ्यायची असते. बायका बऱ्या झाल्या की कंटाळून सोडतात, अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात. म्हणून बाई विचारायच्या. पण ते निमित्त होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. साडेसातपासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे. लाईट गेली, पाऊस पडला, कुलगुरू लॅबमध्ये उभे असले, तरी आठ वाजता "घेतलीस?" आणि "घेतली." त्या एका शब्दानंतर बाईंचा चेहरा असा काही फुलायचा की मला त्या उपाशी पेशींची आठवण यायची. मी उगाच उपमा देत बसणारी बाई नाही, पण जे दिसलं ते दिसलं.

मधल्या काळात बाई निवृत्त झाल्या. विभागानं त्यांना एक कोपरा आणि पेशी उबेत ठेवायची एक कपाटी ठेवू दिली. मी तोवर तिथंच शिकवायला लागले होते. पाच वर्षं संपत आली तशा बाई गप्प गप्प व्हायला लागल्या. बाटल्या लखलखीत. आणि एके संध्याकाळी मालूनं एकाऐवजी पाच शब्द उच्चारले. "डॉक्टर म्हणाले, दहा वर्षं घ्या."

"दहा?" बाई म्हणाल्या. "बरं, बरं. देतात हल्ली काहींना दहा. चांगलं आहे." फोन ठेवून त्यांनी रामाशीषला सांगून सगळ्यांसाठी चहा मागवला. कधी नव्हे ते स्वतः पैसे दिले. कुठले डॉक्टर, का म्हणाले, तपासण्या काय, यातलं काही म्हणजे काही त्यांनी विचारलं नाही. जगाला कंट्रोल विचारणाऱ्या आमच्या बाई!

सहा-सात महिने गेले. एक दिवस दुपारी कौस्तुभचा फोन आला. "मावशी, एक विचारायचं होतं. आईच्या डॉक्टरांनी पाच वर्षं झाल्यावर गोळी बंद केली. पण तू दहा वर्षं घ्यायला सांगितलीस म्हणून ती अजून घेतेय. दुकानातून आणते स्वतःच. परवा पाय सुजला होता तिचा. डॉक्टरांनी बघितला, काही निघालं नाही, पण ते चिडलेत. म्हणाले, कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाई स्टुलावर बसल्या. या गोळीनं कधी कधी पायात रक्ताची गाठ धरते, गर्भाशयाला त्रास होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? गरज असेल तर ती जोखीम घ्यायची. गरज नसताना कशाला? "मी बोलते तिच्याशी," एवढंच त्या म्हणाल्या. मग नळ सुरू झाला. आठ वाजेपर्यंत त्या धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुत होत्या. मध्येच माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी खूश झाले होते, शैला. म्हणून विचारलं नाही." मी फडकं घेऊन बाटल्या पुसायला लागले.

आठ वाजले. "घेतलीस?"

"घेतली."

"उद्यापासून घेऊ नकोस."

बाईंनी फोन तोंडाजवळ ओढला.

"मालू, कौस्तुभनं सांगितलं मला. पाय बरा आहे ना? ती गोळी काही खडीसाखर नाही. बिल्कुल बंद कर. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मालू म्हणाली. आणि मग इतकी वर्षं जे दोघी टाळत होत्या, ते तिनं विचारलं. "मग ताई, तू फोन कशाला करशील?"

बाईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, निदान उलट प्रश्न तरी. त्या दिवशी "बघते," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन बंद केला. मी पाठ फिरवून उभी राहिले, कारण तो चेहरा बघण्याचा मला काही अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर बाईंनी कुप्या ओळीनं मांडलेल्या आणि एकेकीवर लिहीत होत्या. 'उपाशी. हात लावू नका.' रामाशीष दारात थबकला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बाई पेशी झोपवत होत्या. एक थेंब सांडला नाही. शेवटची बशी रिकामी झाल्यावर त्यांनी कपाटीत डोकावून बघितलं. आत काही नव्हतं.

"तत्काळमध्ये पुण्याचं तिकीट मिळतं का गं?" त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी आठ वाजता त्यांनी फोन हातात घेतला आणि नुसताच धरून ठेवला. "करा ना," मी म्हटलं. "येतेय म्हणून सांगा." त्या म्हणाल्या, "नको म्हणाली तर?" सत्तरीला टेकलेली बाई, जगभरच्या सभांमध्ये भल्याभल्यांना गार करणारी! मला त्यांचे हात धरावेसे वाटले. धरले नाहीत, बाईंना आवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कुप्या टाकीत गेल्या आणि मी बाईंना स्टेशनवर पोचवायला गेले. एक पिशवी, एक पाण्याची बाटली, अर्थातच काचेची. गाडी नेहमीसारखी उशिरा. त्या खिडकीशी बसल्या, मी बाहेर उभी. "आठवड्याला टाकीत नायट्रोजन भरशील ना? विसरायचं नाही," हे त्यांनी मला दहादा बजावलं. मी दहादा हो म्हटलं. पुन्हा पेशी उठवायला त्या येणार नाहीत, हे मला कुठूनतरी कळलं होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालू. इतक्या वर्षांत तिनं आपणहून पहिल्यांदाच केलेला. स्पीकरवर, खिडकीतून मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"ताई, कालही फोन नाही, आजही आठ वाजून गेले. बरी आहेस ना?"

"स्टेशनवर आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे यायला निघालेय."

मालूनं विचारलं, "आणि तुझ्या पेशी?"

"झोपवल्या."

"म्हणजे?"

"गोठवून ठेवल्या. मरत नाहीत त्या. हव्या तेव्हा उठवता येतात."

"असं करता येतं?"

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"येतं," त्या म्हणाल्या.

"पहिल्यापासून?"

गाडीला धक्का बसला. बाईंनी खिडकीचा गज धरला.

"पहिल्यापासून, मालू," बाई म्हणाल्या.

गाडी हलली. मी चार पावलं बरोबर चालले, मग थांबले. खिडकी पुढं सरकत होती. बाईंनी फोन तोंडाशी तसाच धरला होता. पलीकडून आवाज येत नव्हता, बाईही काही बोलत नव्हत्या, आणि फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नव्हता.